पाटी दुसऱ्या कंपनीची, गाडी आपली : विजेची मोटार आणि जलद चार्जर



या पानावर मी एरवी लागण, खोडवा, हुमणी आणि खताच्या मात्रा यांविषयी लिहीत असतो. या वेळी विषय निराळा आहे, आणि तो आपल्यापैकीच एका ज्येष्ठ सभासदांनी काढलेला आहे. गेल्या गट सभेत बेणेमळ्याचे बोलणे आटोपल्यावर ते उठून म्हणाले, "साहेब, तुम्ही विजेची गाडी वापरता. आमचा मुलगाही तीच घ्यायची म्हणतो. पण रस्त्याने चार्जर दिसतात ते एकेका कंपनीचे. एका कंपनीच्या गाडीला दुसऱ्या कंपनीचा चार्जर चालतो का? की आमचा ऊस तुम्ही, तुमचा ऊस ते, अशी इथेही ओढाताण आहे?"

सभेत हशा पिकला. मी "चालतो" एवढेच उत्तर दिले. पण घरी आल्यावर वाटले, की एवढ्या उत्तरावर कोणी दहा-पंधरा लाखांची गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघाला तर तो अडचणीत येईल. चालतो हे खरे, पण तीन गोष्टी जुळल्या तरच चालतो. त्या तीन गोष्टी मी पुस्तकात शिकलो नाही. चंद्रपूरला भर उन्हात, म्हातारी आई गाडीत बसलेली असताना शिकलो. तो प्रसंग आधी सांगतो.

माझ्यावर आलेली वेळ

बऱ्याच सभासदांना ठाऊक आहे की माझे मूळ गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यात आहे. तो भाग धानाचा आणि जंगलाचा. माझी गाडी विजेची, बॅटरी तीस युनिटची. कंपनीचे नाव मुद्दाम सांगत नाही. मला कोणाची जाहिरात करायची नाही आणि कोणाची निंदाही.

मागल्या मे महिन्यात सुट्टी घेऊन गावी गेलो होतो. आईला नागपूरला डॉक्टरांना दाखवायचे होते, दुपारी बाराची वेळ मिळाली होती. आदल्या दिवशी आईला घेऊन गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीकडे मावशीला भेटून आलो. रात्री घरी परतलो तेव्हा बॅटरीत छत्तीस टक्के शिल्लक होते. म्हटले, काही हरकत नाही, रात्रभर घरच्या बोर्डाला लावू, सकाळी भरलेली असेल. नऊच्या सुमारास वादळ आले, झाडे पडली आणि लाईट गेली. ती सकाळपर्यंत आली नाही. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आमच्या गावापासून पन्नास किलोमीटरवर. पण वादळात तार तुटली म्हणजे ते पन्नास काय आणि पाचशे काय, सारखेच.

पहाटे हिशेब केला. छत्तीस टक्के म्हणजे जवळपास अकरा युनिट. एका युनिटला साडेसहा किलोमीटर धरले तर सत्तर किलोमीटर. नागपूर सिंदेवाही-नागभीड-उमरेडवरून जवळ पडते, पण त्या रस्त्यावर मला खात्रीचा चार्जर माहीत नव्हता. चंद्रपूरला माझ्याच गाडीच्या कंपनीच्या विक्रेत्याकडे जलद चार्जर होता. म्हणून लांबचा रस्ता धरला. पावणेसहाला निघालो, एसी बंद, काचा उघड्या, वेग पन्नास. मूल ते चंद्रपूर हा रस्ता बराचसा जंगलातून जातो आणि तिथे तसाही वेग कमीच ठेवावा लागतो. सात वाजता चंद्रपुरात पोचलो तेव्हा काट्यावर दहा टक्के होते.

विक्रेत्याच्या आवारात चार्जर उभा होता, पण पडद्यावर तांबडा दिवा. पाऊण तास खटपट केली. दूरध्वनीवरून यंत्र बंद करून सुरू करविले, काही उपयोग झाला नाही. थोड्या अंतरावर दुसऱ्या मोटार कंपनीचा विक्रेता होता, त्याच्या फाटकात तसाच चार्जर. गेलो तर पहारेकरी म्हणाला, "हे दुसऱ्या कंपनीच्या गाडीले नाही चालत जी. आमच्याच गाड्यायसाठी हाये."

तो बिचारा आपले काम करीत होता. पाटीवर कंपनीचे नाव एवढे मोठे, त्याने तसेच समजायचे. आई मागे बसून वारा घेत होती. म्हणाली, "यापरीस येष्टी बरी होती." मला उत्तर सुचेना.

मी खाली उतरून गन पाहिली. तोंड माझ्या गाडीचेच होते. यंत्रावर एक चौकोनी कोड चिकटवलेला होता आणि खाली चार्जर चालविणाऱ्या संस्थेचे नाव होते. तेवढ्यात तिथले व्यवस्थापक आले. त्यांनी सांगितले, "लावा की साहेब, सर्वांसाठीच आहे. फक्त ॲप घ्यावे लागेल." मग ॲप उतरवणे, नाव नोंदवणे, ओटीपी, खात्यात आधी पैसे भरणे, यात पंधरा-वीस मिनिटे गेली. सव्वाआठला वीज सुरू झाली. तासाभरात दहावरून नव्वद टक्के झाले. साडेनऊला निघून वरोरा मार्गे सव्वाबाराला नागपुरात दवाखान्यात पोचलो. डॉक्टर थांबले होते, आईची तपासणी झाली.

पण मनात आले, की तो चार्जर "आपला नाही" असे समजून मी फाटकावरूनच परतलो असतो तर? चार्जर होता, वीज होती, तोंड जुळत होते. अडत होते ते एका पाटीपाशी आणि माझ्या अपुऱ्या माहितीपाशी. म्हणून आता ती माहिती क्रमाने देतो.

आधी विजेचा साधा हिशेब

आपल्याला मोटारपंपाची भाषा कळते, त्याच भाषेत सांगतो. पाच एचपीचा पंप तासाला साधारण चार युनिट वीज घेतो. तीस युनिटची बॅटरी पूर्ण भरणे म्हणजे तो पंप सात-आठ तास चालविण्याएवढी वीज. घरच्या पंधरा अँपियरच्या सॉकेटमधून तासाला जास्तीत जास्त सव्वातीन युनिट जातात, म्हणून रात्रभर लागते. साठ किलोवॅटचा जलद चार्जर म्हणजे पाच एचपीचे सोळा पंप एका वेळी चालू केल्याचा भार. म्हणूनच तो घरी बसवता येत नाही आणि म्हणूनच तो रस्त्यावर असतो.

घरच्या सॉकेटमधून येते ती एसी वीज. ती गाडीतले लहान यंत्र डीसी करते आणि मग बॅटरीत भरते. जलद चार्जर हे काम बाहेरच करतो आणि डीसी वीज सरळ बॅटरीकडे पाठवतो. तेव्हा "जलद" हा शब्द आला की डीसी समजावे. आणखी एक गोष्ट: सगळ्याच विजेच्या गाड्यांना जलद चार्जिंगची सोय नसते. एमजी कॉमेटसारख्या लहान गाडीला ती दिलेली नाही, ती एसीवरच भरते. अशी गाडी घेतली तर कोणत्याच कंपनीच्या जलद चार्जरचा उपयोग नाही, आपल्याही आणि परक्याही.

पहिली गोष्ट : तोंड जुळले पाहिजे

गन आणि गाडीचे सॉकेट यांची ठेवण ठरलेली असते. आज आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या जलद चार्जिंगच्या बहुतेक मोटारींना सीसीएस-२ नावाची ठेवण आहे. टाटा नेक्सॉन घ्या, महिंद्राच्या नव्या विजेच्या गाड्या घ्या, एमजीची झेडएस घ्या किंवा ह्युंदाईची क्रेटा, तोंड एकच. वर सात भोकांचा गोलसर भाग आणि त्याखाली दोन जाड पिना. वरचा भाग एसीसाठी, खालच्या दोन पिना डीसीसाठी. खालच्या पिनांवर बहुधा रबरी झाकण असते, ते काढायला विसरू नये.

पूर्वी असे नव्हते. २०१७ साली केंद्र सरकारच्या ईईएसएल या कंपनीने सरकारी खात्यांसाठी दहा हजार विजेच्या गाड्यांची निविदा काढली. त्यातून आलेल्या टाटा टिगोर आणि महिंद्रा ई-व्हेरिटो या गाड्यांना "भारत डीसी-००१" नावाची वेगळी ठेवण होती. तिची ताकद पंधरा किलोवॅटपर्यंत. त्या गाड्यांना सीसीएस-२ ची गन बसत नाही.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की अशा जुन्या गाड्या स्वस्तात मिळतात आणि आपल्याकडे जुनी गाडी घेणारे पुष्कळ आहेत. घेताना इंजिन ऐकून पाहण्याची सोय विजेच्या गाडीत नाही. झाकण उघडून सॉकेट पाहा. सात भोकांखाली दोन जाड पिना दिसल्या तर ठीक. नाहीतर ती गाडी घरापासून पन्नास-साठ किलोमीटरच्या आत फिरण्यापुरती समजा.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांच्या कानावर टेस्ला कंपनीची गोष्ट आली असेल. तिथे टेस्लाची गन वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी. फेब्रुवारी २०२४ पासून टेस्लाने आपले चार्जर फोर्डच्या गाड्यांना खुले केले. पुढे इतर कंपन्याही त्यात आल्या, पण मधे जोडतुकडा लावावा लागला. आपल्याकडे तोंड आधीच एक झाले असल्याने जोडतुकड्याचे कामच नाही. बाजारात कोणी स्वस्त जोडतुकडा दाखवला तर घेऊ नये. चारशे व्होल्टच्या डीसी विजेशी खेळ म्हणजे जिवाशी खेळ.

दुसरी गोष्ट : बोलणे जुळले पाहिजे

गन लावली की वीज लगेच सुरू होत नाही. आधी गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात. चार्जर विचारतो, बॅटरी किती व्होल्टची, किती भरलेली, किती अँपियर देऊ? गाडी उत्तर देते. मग तार कुठे उघडी नाही ना, याची तपासणी होते. सर्व ठीक असेल तरच आतले खटके जुळतात आणि वीज वाहू लागते.

यात मालक गाडी असते, चार्जर नव्हे. गाडी तीस किलोवॅटच घेऊ शकत असेल तर साठच्या चार्जरवरही तिला तीसच मिळतील. शेजारी दुसरी गाडी लागली असेल तर काही यंत्रे ताकद वाटून देतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. बॅटरी तापलेली असली की गाडी स्वतःच वीज कमी मागते. ऐंशी टक्क्यांनंतर तर सर्वच गाड्या हळू घेतात. साखरेचे पोते काठोकाठ आले की हात आखडता घ्यावा लागतो, तसेच हे आहे. म्हणून वाटेत पुढे चार्जर असेल तर ऐंशीवर उठावे, रांगेतल्या माणसाचाही विचार करावा. मला त्या दिवशी नव्वद करावे लागले कारण नागपूरपर्यंत दीडशे किलोमीटर जायचे होते आणि दुसरीकडे थांबायला वेळ नव्हता.

कधीकधी एका कंपनीची गाडी आणि दुसऱ्या कंपनीचे यंत्र यांचे बोलणे जमत नाही. पडद्यावर चूक दाखवतात आणि माणूस समजतो, परक्या गाडीला बंदी आहे. तशी बंदी क्वचितच असते. अशा वेळी गाडी बंद करून दार लावा, गन काढून पुन्हा लावा. गन जड असते, ती खाली लोंबली की पिना नीट बसत नाहीत, म्हणून पहिली काही सेकंदे हाताने वर उचलून धरा. तरीही जमले नाही तर त्याच यंत्राची दुसरी गन वापरून पाहा. काम संपल्यावर आधी ॲपवरून वीज थांबवा, गाडीचे लॉक उघडा, मग गन ओढा. लॉक असताना ओढाताण करू नये.

तिसरी गोष्ट : चिठ्ठी

उसाला कारखान्याचा शिक्का नसतो. मोळी कोणत्याही गव्हाणीत पडली तरी तिचा रसच निघतो. पण चिठ्ठीशिवाय गाडी काट्यावर घेतात का? विजेचे तसेच आहे. तोंड जुळले, बोलणे जुळले, तरी चिठ्ठी लागते. इथली चिठ्ठी म्हणजे ॲप, त्यातले खाते आणि त्यात भरलेले पैसे.

खरी अडचण आजही इथेच आहे. प्रत्येक संस्थेचे ॲप वेगळे, खाते वेगळे, काहींच्या खात्यात आधी ठरावीक रक्कम भरून ठेवावी लागते. प्रत्येकाचा दरही निराळा. घरच्या युनिटच्या मानाने रस्त्यावरचे युनिट दुपटीने किंवा त्याहून महाग पडते आणि वर अठरा टक्के जीएसटी. सर्व चार्जर एकाच ॲपमध्ये आणण्याचे काम केंद्र सरकारने २०२५ साली भेल कंपनीकडे सोपविल्याचे जाहीर केले. ते होईल तेव्हा होईल, तोवर आपली चिठ्ठी आपणच तयार ठेवावी.

ती घरी बसून तयार करावी, चार्जरपुढे उभे राहून नव्हे. ज्या रस्त्याने जायचे त्या रस्त्यावर ज्या ज्या संस्थांचे चार्जर आहेत त्यांची ॲपे आधी उतरवावीत, नाव नोंदवावे, थोडे पैसे टाकावेत. काही संस्था टेकवायचे कार्ड देतात. ते घेतलेले बरे, कारण जंगलपट्ट्यात मोबाईलला रेंज नसली तर ॲप उघडत नाही, ओटीपी येत नाही, आणि विजेच्या पुढ्यात उभे राहून गाडी उपाशी राहते.

पाटीमागे काय असते

पाटीवर मोटार कंपनीचे नाव असले तरी चार्जर चालविणारी संस्था निराळी असू शकते. टाटा पॉवर ही वीज कंपनी आणि टाटांची मोटार कंपनी या दोन वेगळ्या कंपन्या आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या विदर्भातलेच उदाहरण घ्या. नागपूरला २०२० साली एमजी मोटार आणि टाटा पॉवर यांनी मिळून साठ किलोवॅटचा जलद चार्जर सुरू केला. त्याच वर्षी जानेवारीत टाटांची नेक्सॉन एमजीच्या गाडीसमोर बाजारात उतरली होती. म्हणजे बाजारात ज्यांची स्पर्धा, त्यांच्यापैकी एकाच्या दारात दुसऱ्याच्या घराण्यातले यंत्र, आणि सीसीएसचे तोंड असलेल्या कोणत्याही गाडीला ते चालणारे. ह्युंदाईनेही आपले जलद चार्जर इतर कंपन्यांच्या गाड्यांना खुले ठेवले आहेत. दुचाकीत तर एथर कंपनीने आपल्या गनची ठेवण २०२१ साली इतरांना देऊ केली आणि २०२३ साली हिरो कंपनी तिच्याबरोबर आली.

स्पर्धकाला आपली वीज का द्यावी, असे वाटेल. हिशेब सोपा आहे. यंत्र उभे करायला लाखो रुपये लागतात, विजेचा स्थिर आकार दर महिन्याला भरावा लागतो. ते दिवसातून दोन गाड्यांसाठी उघडायचे की दहा? गाळप क्षमतेएवढा ऊस मिळाला नाही तर कारखान्याचे काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

नागपूरने याची दुसरी बाजूही पाहिली आहे. मे २०१७ मध्ये तिथे ओला आणि महिंद्रा यांच्या सहभागाने विजेच्या टॅक्स्यांचा ताफा सुरू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडियन ऑइलच्या पंपावर चार्जिंगची सोय झाली. देशात त्याचे कौतुक झाले. पण गाड्या जास्त आणि चार्जर थोडे, म्हणून चालकांना रांगेत तासन्‌तास घालवावे लागले आणि काहींना पुन्हा डिझेलची गाडी बरी वाटू लागली. गाडी चांगली असून भागत नाही, वाटेवरची सोय सर्वांची असावी लागते, हा त्यातला धडा.

व्यवहारात चार्जर तीन प्रकारचे आढळतात. पहिला, सर्वांना सारखाच खुला. दुसरा, सर्वांना खुला पण स्वतःच्या गिऱ्हाइकाला आधी किंवा स्वस्त. तिसरा, केवळ स्वतःच्या गाड्यांसाठी किंवा एखाद्या बस-टॅक्सी ताफ्यासाठी राखलेला. तिसऱ्या प्रकारात मालकाचा हक्क असतो, तिथे भांडू नये. पण पहिला की तिसरा, हे पाटीवरून ठरत नाही. यंत्रावरचा कोड, ॲपमधली नोंद आणि जबाबदार माणूस, यांना विचारून ठरवावे. पहारेकऱ्याच्या एका शब्दावर परत फिरू नये.

सरकारी धोरणही खुलेपणाच्या बाजूचे आहे. डिसेंबर २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चार्जिंग केंद्र काढायला परवाना लागत नाही, आणि महामार्गावर दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरला निदान एक केंद्र असावे असे म्हटले होते. गंमत पाहा. आपल्या राज्यात दोन साखर कारखान्यांतही २५ किलोमीटर हवाई अंतराची अट आहे. तिथे अट लांब ठेवण्यासाठी, इथे जवळ आणण्यासाठी.

जंगलपट्ट्यात जाताना

आपले पुष्कळ सभासद आणि त्यांची मुले आनंदवन, सोमनाथ, हेमलकसा इकडे जातात. ताडोबाला तर जातातच. त्यांच्यासाठी दोन शब्द.

नागपूर ते चंद्रपूर सुमारे दीडशे किलोमीटर. या रस्त्यावरच वरोरा, म्हणजे आनंदवन, लागते. चंद्रपूरहून मूल, सावली करीत वैनगंगा ओलांडली की गडचिरोली, तेही सुमारे ऐंशी किलोमीटर. इथवर थोडा विचार केला तर अडचण नाही. गडचिरोलीच्या पुढे मात्र हिशेब बदलतो. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. गडचिरोलीहून आलापल्लीमार्गे हेमलकसा पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, सिरोंचा दोनशेच्या वर. तिथे नकाशावर चार्जर दिसला तरी तो त्या दिवशी चालू असेलच असे धरून जाऊ नये. आदल्या दिवशी दूरध्वनी करून विचारावे. मुक्कामाच्या ठिकाणी पंधरा अँपियरचा सॉकेट आणि चांगले अर्थिंग आहे का, हेही विचारावे. अर्थिंग नसेल तर बऱ्याच गाड्या वीज घेतच नाहीत, आणि ते आपल्या भल्यासाठीच असते. पावसाळ्यात तर पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. अशा दिवसांत लहान बॅटरीची गाडी तिकडे नेऊच नये. एस्टीने जावे. यात कमीपणा काही नाही, माझी आई हेच म्हणत होती.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. गाडी घेण्याआधी झाकण उघडून सॉकेट पाहा. सीसीएस-२ आहे की नाही, हे विक्रेत्याकडून कागदावर लिहून घ्या.

२. कंपनी जाहिरातीत सांगते ते अंतर धरू नका. एका युनिटला सहा-साडेसहा किलोमीटर धरून स्वतः हिशेब करा.

३. बॅटरीचा शेवटचा चौथा हिस्सा हिशेबाबाहेर ठेवा. तो वादळासाठी आणि बंद यंत्रासाठी. मी तो आदल्या संध्याकाळीच जवळजवळ खर्चून बसलो होतो, म्हणून पेच पडला.

४. जिथे चार्ज करायचे तिथे एकाच यंत्रावर विसंबू नका. जवळचा दुसरा चार्जर, मग तो कोणत्याही कंपनीचा असो, आधीच हेरून ठेवा आणि त्याची "चिठ्ठी" तयार ठेवा.

५. शेतीपंपाच्या मीटरवरून गाडी चार्ज करू नका. शेतीचा दर पंपापुरता आहे. तो दुसऱ्या कामाला वापरला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली आकारणी होते. घराच्या मीटरवर चालते. वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि अर्थिंग मात्र जाणकार वायरमनकडून करून घ्या.

६. घरची वीज हाच मुख्य आधार. जलद चार्जर ही वाटेतली सोय आहे, रोजची भाकरी नव्हे.

आपल्या आवारात काय करता येईल

शेवटी एक सूचना. सहवीजनिर्मितीमुळे हंगामात बगॅसपासून वीज आपल्याच आवारात तयार होते. वजनकाट्यावर आणि गट कार्यालयात सभासदांची ये-जा असतेच. कारखान्याच्या फाटकाजवळ एक जलद चार्जर बसवावा असा विषय पुढेमागे संचालक मंडळापुढे येईल. हंगाम नसताना वीज महावितरणकडून घ्यावी लागेल, तिचा स्थिर आकार बारा महिने भरावा लागेल, तेव्हा खर्चाचा विचार मंडळ करीलच. माझे म्हणणे एवढेच, की तो बसेल तेव्हा सीसीएस-२ तोंडाचा असावा, पैसे देण्याची पद्धत ॲपशिवायही चालणारी असावी, आणि शेजारच्या कारखान्याच्या सभासदालाही तो खुला असावा. सभासदाला दरात सवलत द्यावी, पण फाटकातून कोणाला परत लावू नये.

विजेची गाडी घेतलेल्या किंवा घेऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी आपले नाव, गाव आणि महिन्याचा अंदाजे प्रवास आपल्या गट कार्यालयात नोंदवावा. किती गाड्या आहेत हे कळल्याशिवाय मंडळापुढे हिशेब मांडता येणार नाही. आणि ज्या ज्येष्ठ सभासदांनी प्रश्न विचारला, त्यांना माझे पूर्ण उत्तर आता असे आहे: चालतो. तोंड पाहा, बोलणे जमू द्या, चिठ्ठी घरून न्या. पाटी कोणाची हे सर्वांत शेवटी पाहा.

आपला,
ऊस विकास अधिकारी